बोटीतला हिवाळा आणि आपली शेगडी

आम्ही पोलादपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. मागच्या वेळी आम्ही नाचणीच्या पापडांबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत बोटीबद्दल. बोटीत राहणारी माणसं हिवाळा कसा काढतात, याबद्दल.

तुम्ही म्हणाल, पोलादपुरात बोट कुठून आली? वर आंबेनळी घाट, इकडे कशेडी, समुद्र बघायचा तर दिवस मोडावा लागतो. पण आपल्या दारावरून सावित्री वाहते ना. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर, महाड करत पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्याच खाडीतून भरतीचं पाणी साधून पूर्वी गलबतं महाडपर्यंत येत. महाड हे बंदर होतं. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आले, तेही मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने. २५ डिसेंबरला ते दासगावच्या बंदरात उतरले. म्हणजे बोट आपल्याला परकी नाही. रस्ते झाले, खाडी गाळाने भरत गेली, म्हणून ती आपल्या डोळ्यांआड झाली एवढंच.

आणि आजही आपल्या घरांतली पोरं बोटीवर आहेतच. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा गेली चार वर्षं मासेमारी बोटीवर खलाशी आहे. त्याच्यामुळेच आम्हाला हा विषय सुचला. कसा, ते सांगतो.

गेल्या माघातली गोष्ट. त्या ताईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. थंडी चांगलीच होती, सकाळी अंगणात धुकं उतरायचं. आपल्याकडे रीत आहे तशी बाळंतिणीची खोली नीट बंद केली. खिडकीला गोणपाट लावलं, दाराच्या फटीत फडकं कोंबलं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. हे सगळं करायला आम्हीच होतो. कुणी कोळसे फुलवले, कुणी धुरी केली. दोन दिवसांनी ती म्हणायला लागली, “माझं डोकं जड झालंय, मळमळतंय.” आम्ही म्हटलं, जागरणाने होत असेल, बाळंतपणात व्हायचंच.

बारशासाठी भाऊ बोटीवरून चार दिवस घरी आला. पहाटे बहिणीच्या खोलीत डोकावला आणि बघितलं तर ती हाका मारून उठेना. त्याने एका झटक्यात दार उघडलं, गोणपाट ओढून काढलं, शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. मग बहिणीला आणि बाळाला पडवीत आणलं. आम्ही त्याच्यावर ओरडलो. “अरे, वेडा का काय? बाळाला वारा लागेल!” तो म्हणाला, “वारा लागू दे. वारा लागला तरच जगतील.”

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, ओकारी झाली. १०८ ला फोन केला, दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दोघी वाचल्या. बाळ आता रांगतंय. पण त्या पहाटेची आठवण आली की आमच्या पोटात अजून गोळा येतो. कारण ती शेगडी आम्हीच ठेवली होती.

नंतर आम्ही त्याला विचारलं, “तुला हे कळलं कसं?” तो म्हणाला, “बोटीवर पहिल्याच दिवशी तांडेलाने सांगितलं होतं. केबिन बंद करून आत विस्तव ठेवून झोपायचं नाही.”

मग आम्ही ठरवलं, ही बोटीवरची माणसं हिवाळ्यात कशी राहतात ते नीट समजून घ्यायचं. त्याच्याकडून ऐकलं, तालुक्याच्या वाचनालयात वाचलं, गटातल्या शिकलेल्या पोरींनी शोधून दिलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आपल्या किनाऱ्याची बोट. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टला बोटी समुद्रात जातात, आणि हिवाळा म्हणजे कामाचे ऐन दिवस. हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, मुंबईचं ससून डॉक, अशा बंदरांतून मोठ्या बोटी निघतात. बर्फ, डिझेल, पाणी, शिधा भरायचा आणि आठ-दहा दिवस, कधी पंधरा दिवस आतच राहायचं. बंदरात परत आल्यावरही बरेच खलाशी बोटीतच झोपतात, कारण त्यांचं घर लांब असतं. कुणी आपल्यासारख्या डोंगरातले, कुणी थेट नेपाळचे. त्यांचं सहा-आठ महिन्यांचं बिऱ्हाड म्हणजे ती बोट.

मागच्या बाजूला एक केबिन. आपल्या माजघराच्या निम्मी पण नसेल. त्यातच सात-आठ माणसं, त्यातच कपडे, तिथेच बाजूला गॅस. रात्री किनाऱ्याकडून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला ते मतलई म्हणतात. पहाटे तो अंगाला झोंबतो. वरची फळी दवाने ओली, जाळं ओलं, दोर ओले, हात ओले. साहजिकच सगळ्यांना वाटतं, दार लावून घ्यावं आणि आत ऊब करावी. तांडेल नेमकं तेच करू देत नाही. दाराला फट ठेवायला लावतो आणि झोपायच्या आधी गॅस बंद आहे का ते स्वतः बघतो.

आता जरा लांब जाऊ. आपली थंडी ती काय, आठ दिवस शेकोटी पेटवली की सरते. ज्या देशांत पाणी गोठतं तिथे पण माणसं वर्षभर बोटीत राहतात. इंग्लंडमध्ये जुने कालवे आहेत. पूर्वी त्यातून कोळसा आणि माल जायचा. आता त्यातल्या अरुंद, लांबट बोटींत कितीतरी कुटुंबं राहतात. कुणाला घरभाडं परवडत नाही म्हणून, कुणाला आवड म्हणून. हिवाळ्यात कालव्याची दारं दुरुस्तीला बंद होतात, तेव्हा बोट आहे तिथेच थांबते. नळ गोठतात, म्हणून कडाका पडायच्या आधीच टाकी भरून ठेवायची. कोळशाच्या गोणी आणि गॅसची टाकी घेऊन एक बोट फेरी मारते, आपल्याकडे गॅसची गाडी येते तशी. कालव्यावर बर्फाचा थर आला की बोट हलवत नाहीत, कारण फुटलेल्या बर्फाच्या कडा शेजारच्या बोटीला घासतात. स्वतःला कुठे जायचं असेल तरी शेजाऱ्याचा विचार करून थांबायचं.

त्या बोटींत लोखंडी शेगडी असते. पण तिला धुराडं असतं, छपरातून बाहेर काढलेलं. शिवाय भिंतींना वर-खाली हवेसाठी जाळ्या असतात आणि त्या कधीही बुजवायच्या नाहीत असा नियम आहे. बाहेर बर्फ असलं तरी बुजवायच्या नाहीत. २०१९ पासून तिथे राहत्या बोटीत विषारी वायू ओळखून ओरडणारी घंटा बसवणं सक्तीचं झालं आहे. इतकी माणसं दगावली तेव्हा हे नियम आले.

आपल्या देशातही असं पाणघर आहे. श्रीनगरच्या दल सरोवरातल्या देवदाराच्या हाउसबोटी तुम्ही सिनेमात बघितल्या असतील. पाहुणे उन्हाळ्यात येतात, पण बोटीचे मालक आणि त्यांची बायकामुलं हिवाळ्यातही तिथेच असतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याला तिथे चिल्लई कलान म्हणतात. सरोवराचं पाणी काठाने गोठतं. रात्री बर्फ पडलं की सकाळी उठून छपरावरून ते ओढून काढावं लागतं, नाहीतर त्या वजनाने बोट बुडते. घराचं छप्पर रोज सकाळी झाडायचं म्हणा ना. अंगात लांब फेरन घालतात आणि त्याच्या आत कांगडी धरतात, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. तिथेही दर हिवाळ्यात लोकांना सांगावं लागतं, की बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका.

म्हणजे बघा, मिरकरवाड्याचा तांडेल, इंग्लंडचा कालवा, काश्मीरचं सरोवर, सगळीकडे एकच सांगणं. बोटीतल्या माणसाला थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेचं भय जास्त.

ते का, ते साध्या शब्दांत सांगतो. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, काहीही जळायला हवा लागते. खोली बंद असली की हवा पुरत नाही, जळण अर्धवट होतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. आपण समजतो धूर नाही म्हणजे भीती नाही. पण लाल फुललेल्या, धूर नसलेल्या निखाऱ्यातूनच तो निघत असतो. श्वासातून तो रक्तात जातो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीने जास्त घट्ट रक्ताला चिकटतो. मग अंगाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. लहान बाळ बोलून सांगू शकत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. खोलीत असताना डोकं दुखतं आणि बाहेर अंगणात आल्यावर बरं वाटतं, किंवा एकाच खोलीतल्या दोघातिघांना एकदम त्रास होतो, तर शेगडीकडे बघा. दार-खिडकी उघडा, माणसाला बाहेर मोकळ्यावर आणा, विस्तव बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. बाहेर आणल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. आणि खोलीत पाण्याचं पातेलं ठेवलं की वायू त्यात जातो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाण्याने हा वायू जात नाही.

बोटीतल्या हिवाळ्याची दुसरी अडचण म्हणजे ओल. ही आपल्या चांगल्या ओळखीची. आपल्याकडे ती आषाढ-श्रावणात येते, गोधड्यांना बुरशी येते, भिंतीला हात लावला की ओला. बोटीत ती थंडीत येते. दोन माणसं बंद जागेत रात्रभर झोपली तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. वर भात शिजवला, चहा उकळला, ओले कपडे आत वाळत टाकले, ते वेगळंच. ती वाफ थंड भिंतीला लागली की थेंब होतात आणि गादीखाली झिरपतात. त्यांचे उपाय साधे आहेत. गादीखाली पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे खालून हवा खेळते. रोज सकाळी गादी उभी करायची. भातावर झाकण ठेवायचं. ओले कपडे आत आणायचे नाहीत. आणि रात्रीसुद्धा एक झरोका बोटभर उघडा ठेवायचा. आमच्या गटातल्या दोघींनी ह्या पावसाळ्यात बाजेवरच्या गाद्या रोज उभ्या करून बघितल्या. वास बराच कमी झाला.

तिसरी गोष्ट पाण्याची. चारी बाजूंनी पाणी, पण पिण्याचं नाही. खलाशी पोरगा सांगत होता, अंघोळ खाऱ्या पाण्याची, भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी फिरवायचं. टाकीत काठी बुडवून रोज मोजायचं. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या वाड्यांतल्या बायकांना हे शिकवायला नको. उलट आम्ही त्याला म्हटलं, तुझ्या तांडेलाला सांग, आमच्या बाया चांगल्या खलाशी होतील.

हे आम्ही हसत म्हटलं. पण खरंच बाया खलाशी झाल्या आहेत. ‘तारिणी’ नावाची भारतीय नौदलाची शिडाची बोट आहे. साधारण पंचावन्न फूट लांब, म्हणजे आपल्या एस. टी.च्या दीड गाडीएवढी. ती आपल्या शेजारच्या गोव्यातच बांधली, दिवाडी बेटावरच्या कारखान्यात. १० सप्टेंबर २०१७ ला सहा बाया अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला गोव्यातच परत आल्या. २५४ दिवस. प्रमुख होत्या वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. ह्यातल्या वर्तिका ऋषिकेशच्या, प्रतिभा कुलूच्या, पायल डेहराडूनच्या. म्हणजे आपल्यासारख्याच डोंगराच्या पायथ्याच्या मुली.

त्या दिवाळीला त्या समुद्रात होत्या. सगळ्यात लांबचा टप्पा न्यूझीलंडपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून फॉकलंड बेटांपर्यंतचा. १२ डिसेंबरला निघाल्या, २२ जानेवारीला पोचल्या. एक्केचाळीस दिवस जमीन नाही. आपण संक्रांतीला तिळगूळ वाटत होतो तेव्हा त्या केप हॉर्नच्या वाटेवर होत्या. तिकडे जानेवारीत खरं तर उन्हाळा असतो. पण दक्षिण ध्रुवाकडून येणारं वारं इतकं गार, की तो उन्हाळा आपल्या हिवाळ्यापेक्षा कडक. सात-सात मीटरच्या लाटा, म्हणजे दोन मजली घराएवढ्या. अशात बोट आडवी होते, उभी राहते. चूल झोपाळ्यासारखी टांगलेली असते, म्हणून पातेलं सांडत नाही. वर जाताना कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच बोटीतून फक्त दोघीजणी निघाल्या, दिल्ना के. आणि रूपा ए. त्या २९ मे २०२५ ला परत आल्या. अख्खा हिवाळा दोघींनी काढला.

दोघींनी म्हणजे कसं? एक जागी, एक झोपलेली. बोट रात्री थांबत नाही, त्यामुळे सगळ्यांनी एकदम झोपून चालत नाही. काही तासांचा पहारा संपला की दुसरीला उठवायचं, काय बघितलं, वारा कुठून आहे, काय बिघडलंय ते सांगायचं आणि मगच आडवं व्हायचं. न सांगता झोपायचं नाही. आम्हाला हे फार पटलं. आपल्या घरात एकीच्याच अंगावर सगळे पहारे असतात. पहाटेचं पाणी तिचं, रात्रीचं आजारपण तिचं. आणि काय बिघडलंय ते ती कुणाला सांगत नाही.

बोटीतल्या लोकांच्या हिवाळ्यातली चौथी अडचण तीच आहे. दिवस लहान, काळोख लवकर, तीच माणसं, तीच जागा. माणूस गप्प होत जातं. ज्यांनी अनेक हिवाळे बोटीत काढले ते सांगतात, की रोज एकदा तरी बाहेर पडा, शेजारच्या बोटीवर जा, चहा घ्या, बोला. कुणाच्या धुराड्यातून सकाळी धूर दिसला नाही तर जाऊन दार वाजवा. आमच्या गटातल्या त्या ताई सांगतात, मुलगा पहिल्या वर्षी घरी आला तेव्हा आठ दिवस बोललाच नव्हता. त्यांना वाटलं, रागावलाय. तो रागावला नव्हता, बोलायची सवय गेली होती. आता बोट बंदरात लागली की त्या स्वतःच फोन करतात. “जेवलास का?” एवढ्यावर न थांबता विचारतात, “झोप लागते का? कुणाशी बोलतोस?” ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर, गाडीवर, मुंबईच्या खोलीवर राहतं, त्यांनी हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

आणि आपल्या बाळंतिणीलाही विचारावं. तिने सांगितलं होतं ना, डोकं जड झालंय म्हणून. आम्ही ऐकलं, पण विचारलं नाही.

आता आमच्या गटाने काय ठरवलं ते सांगून थांबतो. बाळंतिणीला ऊब हवी, हे खरं आहे. बाळाला तर हवीच. पण ती ऊब कपड्यांनी, टोपी-मोज्यांनी, आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून धरल्याने मिळते. शेक घ्यायचा तर आई-बाळ खोलीत नसताना शेगडीने खोली तापवून घ्यायची, मग शेगडी बाहेर काढायची, थोडा वेळ दार उघडं ठेवायचं आणि मगच त्यांना आत न्यायचं. पाणी गरम करून रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून आईच्या पाठीला द्यायची. जळती शेगडी घेऊन कुणी झोपायचं नाही. खिडकीची वरची फट बुजवायची नाही. कुठल्याही घरात बाळंतपण असलं की गटातल्या दोघी आळीपाळीने रोज जाऊन खोली बघून येणार. कुणाच्या सासूबाई रागावल्या तर आम्ही आमची गोष्ट सांगणार, लपवणार नाही. आम्हीही त्या मुलावर रागावलो होतोच की.

येत्या थंडीत तुम्हीही हे करा. आज रात्री झोपायच्या आधी घरातून एक फेरी मारा. विस्तव कुठे आहे, हवा कुठून येते, आणि आज कोण गप्प आहे, एवढं बघा. मग निवांत झोपा.

ह्या मार्गशीर्षात तो खलाशी पोरगा पुन्हा बोटीवर गेला आहे. जाताना भाचीसाठी लोकरीची टोपी देऊन गेला. बोट बंदरात लागली की तो हे भाषण मोबाईलवर ऐकेल. त्याला आमच्या सगळ्यांकडून एवढंच सांगायचंय, बाबा रे, त्या दिवशी ओरडलो त्याबद्दल मनात ठेवू नकोस. आणि दाराला फट ठेवून झोप.